पहिली मूठ

आमच्या घरात पहिला मान धण्यांना, मग बाबांना, मग ताईला, आणि उरलासुरला मला. हे मी चिडून सांगत नाही. पंचेचाळिशी उलटल्यावर चिडायलाही दम लागतो. पण ज्या घरात बाप आणि थोरली बहीण दोघंही मसाल्याच्या गिरणीचं नाक म्हणून ओळखली जातात, त्या घरात धाकटीला धण्यांत साबणाचा वास यावा, म्हणजे घराण्याला बट्टाच.

मी चार वर्षांची असताना बाबांनी माझ्यासमोर कोथिंबिरीची काडी धरली होती. ताईने त्याच वयात ती चघळून "अजून" म्हटलं होतं. मी थुंकले आणि म्हणाले, "साबण." मग त्यांनी तळहातावर धणे चुरडून माझ्या नाकाशी नेले. मी म्हणाले, "वाळलेला साबण." बाबा पोट धरून हसले आणि त्या दिवसापासून माझं नाव साबणी पडलं. कागदोपत्री खरं नाव आहे, पण कुणी त्या नावाने हाक मारली तर मी मागे वळून बघणार नाही. काही माणसं अशीच जन्मतात म्हणे, त्यांच्या नाकाला कोथिंबीर सोसत नाही. बाबांनी मात्र त्याच दिवशी माझा नाद सोडला. वास घ्यायला शिकवलं ते ताईला, आणि मला चाळणीवर बसवलं.

गिरणी तीन मजली. खाली यंत्रं, मध्ये गोदाम आणि निवडायची टेबलं, वर आमच्या दोन खोल्या आणि पत्र्याची गॅलरी. खोल्या आमच्या नव्हेत, नाकाच्या. जो गिरणीचं नाक त्याला वरच्या खोल्या, असा जुन्या मालकांच्या काळापासूनचा रिवाज. बाबांचे गुडघे गेल्यावर ताई त्यांच्या खुर्चीत बसली म्हणून आम्ही तिथे टिकलो. नाही तर कधीच सामान रस्त्यावर आलं असतं.

नाकाचं काम बघायला सोपं. पोत्यात लांब नळी खुपसून मधले धणे काढायचे, दोन तळहातांत रगडायचे, फुंकर मारून टरफल उडवायचं आणि ओंजळ नाकाशी न्यायची. माल या वर्षीचा की मागचा, उन्हात वाळला की भट्टीत, कुठे ओल लागली, किडा लागला, सगळं एका श्वासात सांगायचं. बाबा तर डोळे मिटून सांगायचे. त्यांचं एक लांबलचक प्रवचन होतं, ते आम्हाला तोंडपाठ. "कोथिंबीर उतावळी. उकळीत घातलीस की मेली, म्हणून ती शेवटी, भांडं खाली उतरवल्यावर. धणे धीराचे, ते आधी, तेल तापल्यावर. देठ फेकलेस तर चव फेकलीस. मुळं धुऊन रश्शात टाक. पोटात आग पडली तर धणे भिजवून त्याचं पाणी पी. झाड एकच, पण हिरवं असताना ओरडतं आणि वाळल्यावर बोलतं." ताई मान डोलवायची. मी नाक मुरडायची.

गुडघे गेल्यावर बाबांचं जग गॅलरीएवढं झालं. तिथे तेलाचे रिकामे डबे कापून त्यात ते कोथिंबीर लावायचे. दर पंधरा दिवसांनी फरशीवर मूठभर धणे पसरायचे आणि वरून चप्पल घासायची. एका धण्याच्या पोटात दोन बिया असतात. फोडून पेरलं की दोन फाकींची दोन रोपं येतात. घासताना बोलणं चालूच. "अख्खा पेरणारा आळशी," असं म्हणून माझ्याकडे बघायचे, जसं काही मी अख्खे पेरत होते.

आता पहिल्या मुठीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच येऊन अडलं. नवा माल आला की नाकाने तो तपासायचा. पसंत पडला तर त्यातले थोडे धणे दळायचे, आणि त्या पुडीची पहिली मूठ नाकाच्या घरी जायची. त्याच संध्याकाळी ती घरात शिजायची आणि घरच्यांनी ती खायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नाकाने खाली येऊन "चालू द्या" म्हटलं की मगच यंत्रं सुरू. हा नियम बाबांनी स्वतः घालून घेतला होता. हो म्हणणाऱ्याने आधी आपल्या घरचं पोट पुढे करावं, असं त्यांचं म्हणणं. लोकांना याचं फार कौतुक. मी मात्र अशा संध्याकाळी दोन अंडी उकडून पावाबरोबर खायची, कोपऱ्यात, वेगळ्या ताटलीत. चाळीस वर्षं माझं ताट वेगळं होतं.

मागच्या हिवाळ्यात आम्हा तिघांना एकाच आठवड्यात ताप आला. अंग मोडून काढणारा, नाक बंद करणारा. माझं नाक पंधरा दिवसांनी उघडलं. बाबा पाचव्याच दिवशी खाटेवरून ओरडले, "आला बरं का वास! कांदा करपतोय!" आणि कांदा खरंच करपत होता. ताई काही बोलली नाही. महिन्याने एकदा मी कपडे धूत होते, तेव्हा ती आत आली, दाराला कडी घातली आणि माझ्या हातातली साबणाची वडी घेऊन नाकाला लावली. बराच वेळ तशीच उभी राहिली.

"साबणी, मला काहीच येत नाही गं."

"काही म्हणजे?"

"काहीच. धणे, मिरे, गटार, काहीच. महिनाभर मी नुसती नाटकं करतेय." वडी परत माझ्या हातात देऊन तिने डोळे पुसले. "मालकाला कळलं तर उद्या खोल्या खाली करायला सांगेल. बाबांना जिना उतरवून न्यायचं कुठे? आणि बाबांना कळलं तर ते आधी धसक्यानेच जातील."

माझी ताई रडणाऱ्यातली नव्हे. आमची आई गेली तेव्हाही तिने आधी सगळ्यांचा चहा केला होता. तिला अशी बघून घाईघाईने माझ्या तोंडातून निघून गेलं, "अगं, पहिली मूठ आहे ना! बाबांचं नाक शाबूत आहे. तू खाली नुसते धणे रगड, मान हलव आणि 'उद्या सांगते' म्हण. संध्याकाळी पुडी बाबांपुढे उघड. ते सांगतील तेच सकाळी खाली जाऊन सांग."

शक्कल माझी होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

अकरा महिने ती चालली. ताई पुडी उघडून बाबांच्या नाकाखाली धरायची आणि सहज विचारल्यासारखं म्हणायची, "कसा वाटतो, बाबा?" बाबा डोळे मिटायचे नाहीत आता, ताईकडे बघतच वास घ्यायचे. मग म्हणायचे, "झकास." दोनदा म्हणाले, "जुनाट आहे, घेऊ नका," आणि दोन्ही वेळा पोत्यांत किडे निघाले. मालक खूश झाला. ताईला म्हणाला, "तुमच्या नाकाचा विमा उतरवायला हवा!" ताई हसली, आणि वर येऊन तिने उलटी केली.

तो लॉट आला त्या दिवशी मालकाला घाई होती. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होता. बेचाळीस पोती, धणे टपोरे, स्वच्छ, रंग नजरेत भरेल असा. नळीने काढलेला नमुना माझ्या चाळणीवर आला आणि मला फाकी दिसल्या. एवढ्या फाकी मी कधी बघितल्या नव्हत्या, ओंजळीमागे चार-पाच चिमटी. कुणीतरी चप्पल घासावी तसे नीट दोन तुकडे झालेले धणे.

"ताई, फुटलेत गं बरेच."

"मळणीत फुटले असतील. दळायचेच तर आहेत."

मला पटलं. आजही त्या उत्तराने माझ्या अंगावर काटा येतो, कारण दर पंधरा दिवसांनी आमच्याच गॅलरीत तसल्याच फाकींचा ढीग पडायचा. पण गिरणीत बसलेल्या माणसाच्या डोक्यात हे येतच नाही. आमच्यासाठी धणे म्हणजे मसाला. ते कुणी पेरतं, पेरायच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून कुणी विष चोळतं, न खपलेलं बियाणं धुऊन, वाळवून, चांगल्या मालात मिसळून कुणी दलाल विकतो, हे सगळं आमच्या चाळणीच्या पलीकडचं. आणि ज्या एका माणसाने फाकी बघताक्षणी "हे बियाणं आहे" म्हटलं असतं, त्याच्यापर्यंत फक्त दळलेली पूड जायची.

संध्याकाळी ताईने बटाट्याची पातळ भाजी टाकली. कांदा परतला आणि पुडी उघडली. नेहमी या घडीला मी गॅलरीत पळायची. त्या दिवशी पळायची गरज पडली नाही. साबण आलाच नाही. कांद्याच्या वासामागे काहीतरी बारीकसं होतं, गोदामात उंदरांसाठी औषध मारतात त्यानंतर दोन दिवस येतं तसं. पण आमचे कपडे, आमचे केस, सगळ्यालाच गोदामाचा वास. मी दोनदा श्वास घेतला आणि म्हटलं, चला, आपलंच नाक फिरलं एकदाचं.

ताईने पुडी बाबांपुढे धरली. "कसा वाटतो?"

ताई त्या दिवशी खुशीत होती, माल दिसायला देखणा होता ना. बाबांनी तिच्याकडे बघत वास घेतला. "झकास," म्हणाले. "ताजा आहे."

"ताई," मी म्हणाले, "आज मलाही वाढ."

ताईने डाव थांबवला. "तुला? आणि साबण?"

"आज नाही येत साबण."

बाबांना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या ताटातला बटाटा माझ्या ताटात टाकला. "बघ! मी म्हणत होतो, वयाबरोबर सुधारेल ही! उशिरा का होईना, आली घराण्यावर!" ताईने वरून गॅलरीतली कोथिंबीर कातरून घातली. ती मी हळूच बाजूला सारली, तिचा साबण होता तसाच होता. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाक फिरलं असतं तर पानालाही फिरलं असतं की नाही? पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या दोघांबरोबर एका भांड्यातलं खात होते. मला ते मोडायचं नव्हतं. मी तीन घास खाल्ले आणि सवय नाही म्हणून थांबले. ताईने एक वाटी खाल्ली. बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या, आनंदाच्या भरात.

तासाभरात बाबांच्या तोंडातून लाळ गळायला लागली. दरदरून घाम, हातांची बोटं आपोआप उडताहेत. मला वाटलं, झटका आला. मी ताईला हाक मारली तर ती मोरीत ओणवी. मग माझ्याही पोटात कळ आली. गिरणीच्या मुकादमाने आम्हाला तिघांना मालाच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. ती रात्र कशी गेली हे सांगत बसत नाही. ज्यांनी काढली त्यांना माहीत.

सकाळी मी उठून बसण्याइतकी सावरले. ताई दुसऱ्या वॉर्डात होती. बाबांच्या खाटेजवळ डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, तरुण, डोळे तारवटलेले. आदल्या रात्रीच त्यांनी विचारलं होतं काय खाल्लं म्हणून, आणि मुकादम पहाटे आमच्या स्वयंपाकघरातल्या पुडीची पिशवी ठेवून गेला होता. बाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि मान मागे घेतली. रात्रभर बंद राहून वास साठला होता. मी दोन हात लांब होते तरी मला तो आला. औषध. नुसतं औषध, त्यात साबणाचा मागमूस नाही.

"हे तुम्ही जेवणात घातलंत?" बाई म्हणाल्या. "कुणाला वास नाही आला?"

बाबांचे डोळे उघडे होते. पिशवी दिसली तसं त्यांनी सवयीने नाक पुढे केलं. बाईंना वाटलं, काही सांगायचंय, म्हणून त्यांनी ती जरा जवळ नेली. बाबांनी वास घेतला. लांब, व्यवस्थित, खुर्चीत बसून घ्यायचे तसा. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्यांची नजर ताईला शोधू लागली. ती नव्हती. तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि उत्तर सापडत नसलेल्या माणसासारखं विचारलं, "झकास... ना?"

 मी खाटेच्या कडेवर बसले. बाई बाहेर गेल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकले.

"बाबा, तुम्हाला वास येत नाही?"

त्यांनी डोळे मिटले. "तापापासून."

"आणि तो कांदा?"

"धूर दिसला."

"मग दर खेपेला सांगायचात ते?"

"ताईच्या तोंडाकडे बघून." एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "ती शहाणी आहे. तिला कळतंच. मी आपलं... तिच्या मनातलं बोलायचो. तिला वाटावं, म्हाताऱ्याचा अजून उपयोग आहे." मग म्हणाले, "तिला सांगू नको."

अकरा महिने ताई बाबांच्या तोंडाकडे बघत होती आणि बाबा ताईच्या. ते दोन लॉट आठवले, किडे निघालेले. किडे ताईला डोळ्यांनी दिसले होते, पुडी उघडतानाच तिचं तोंड उतरलेलं असणार. अख्ख्या गिरणीचा माल वर्षभर कुणाच्याही नाकाखालून गेलाच नव्हता. आणि घरात एकच नाक चालू होतं, ते कोपऱ्यात अंडी सोलत होतं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेसात झाले होते. आठला यंत्रं सुरू व्हायची. ताई खाली आली नाही तर मालक थांबेल, असं मी स्वतःला सांगून बघितलं; पण ट्रक दारात, मुकादम पुडी ठेवून लगेच परतलेला, तिचा वास त्याला ठाऊक नाही, आणि काल ताईने मान हलवलेली त्याने बघितलेली. बाबांचा हात माझ्या हातात होता, थंड आणि ओला. मी उठले की तो सोडावा लागणार होता.

"बाबा, पोती थांबवायला हवीत."

त्यांनी स्वतःच हात काढून घेतला. "जा," म्हणाले. "पळ."

मी अनवाणी, ओकारीने भरलेल्या कपड्यांत गिरणीत शिरले तेव्हा यंत्राचा पट्टा नुकताच फिरायला लागला होता. मी बटण बंद केलं. मालक वरून ओरडत आला, "ए साबणी, वेड लागलं का तुला?"

मी सांगितलं. बाबांचं, ताईचं, माझ्या शकलेचं, सगळं. लपवण्याची ताकदच नव्हती. मालक पोत्यावर बसला. माणूस वाईट नाही, भित्रा आहे. मग म्हणाला, "आता बेचाळीस पोत्यांत विष कुठल्यात आहे हे सांगणार कोण?"

मी नळी उचलली. पहिल्या पोत्यात खुपसली, धणे काढले, रगडले, फुंकर मारली. बाबांनी मला कधी शिकवलं नव्हतं, पण मी जन्मभर समोर बघत आले होते. ओंजळ नाकाशी नेली. साबण. लख्ख, वाळलेला साबण. 

"हे चांगलं," मी म्हणाले.

दुसरं. साबण. तिसरं. साबण. चौथ्यात साबण नव्हता. खडूने मी त्याच्यावर फुली मारली. हमाल मागे सरकून उभे होते. बेचाळीस पोत्यांपैकी अकरांवर फुली पडली. किती सोपं होतं ते. चांगल्या धण्याचा मला घाण वास येतो. ज्याचा येत नाही तो वाईट. चाळीस वर्षं ही गोष्ट माझ्या चेहऱ्याच्या मधोमध होती आणि कुणी मला विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही.

मालकाने बेचाळीसच्या बेचाळीस पोती बाजूला काढून कुलूप लावलं, माझ्या नाकाच्या भरवशावर त्याने एकही सोडलं नाही. तेवढं शहाणपण त्याने दाखवलं. मग मला बाजूला घेतलं, आणि पहिल्यांदाच म्हणाला, "तुम्ही." म्हणाला, "बाई, या लॉटचं मी वर कळवतो. ते कळवावंच लागेल. पण वर्षभर नाक नव्हतं हे आपल्यातच राहू द्या. कुणाला काही झालेलं नाही. खुर्चीत उद्यापासून तुम्ही बसा. खोल्या तुमच्याच."

कुणाला काही झालेलं नाही, हे त्याला काय माहीत, आणि मला तरी काय माहीत? मी हे तोंडावर विचारायला हवं होतं. मला ताईची खाट दिसली, तो जिना दिसला. मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला लाज वाटते, आणि उद्या पुन्हा विचारलं तरी मी बहुतेक तीच हलवेन.

दवाखान्यात परतले तेव्हा बाबांच्या खाटेवर नवी चादर घालत होते.

ताई आठ दिवसांनी घरी आली. निम्मी झाली होती. तिने खुर्चीबद्दल विचारलं नाही, मालकाबद्दल विचारलं नाही. थेट गॅलरीत गेली. बाबांनी आजारी पडायच्या चार दिवस आधी घासून पेरलेलं बी वर आलं होतं, बारीक जुळी रोपं, डबाभर. मागच्या खेपेची मोठी कोथिंबीर शेजारच्या डब्यात होती. तिने एक काडी खुडली, चुरडली आणि नाकाशी नेली. मग माझ्यासमोर धरली.

"येतो?"

"येतो. साबण."

"एक विचारू?" ती डब्याकडेच बघत होती. "बाबांना तो वास आला असणारच. त्यांच्या नाकातून कधी काही सुटलंय? मग ते बोलले का नाहीत? आठ दिवस मी हाच विचार करतेय. त्यांना माझं कळलं होतं का? मला वाचवायला म्हणून... का कंटाळले होते, साबणी? सांग ना. कंटाळले होते का आपल्याला?"

बाबांनी सांगू नको म्हटलं होतं. पण मेलेल्या माणसाचा शब्द पाळायचा म्हणून जिवंत माणसाला असं जळू द्यायचं? मी सांगितलं. पुडी, नजर, "झकास ना?", कांद्याचा धूर, सगळं.

ती खाली बसली. म्हणाली, "म्हणजे घरात कुणालाच वास येत नव्हता."

हे वाक्य मी तसंच जाऊ दिलं असतं तर तिने ते धरलं असतं आणि आमचं दोघींचं पुढचं आयुष्य सोपं गेलं असतं.

"मला येत होता, ताई," मी म्हणाले. "औषधाचा आला होता. साबणाचा आला नव्हता. मला कळलं होतं काहीतरी वेगळं आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्याबरोबर जेवायचं होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. हात उचलला असता तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली आणि चहा ठेवला.

आता खुर्चीत मी बसते. नवा माल आला की पहिली मूठ वर येते. संध्याकाळी ताई भाजी करते, एकच भांडं, दोन ताटं. ती स्वतः ताटाला हात लावत नाही. समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहते. मी घास घेते. साबण जिभेवर पसरतो, घशाशी येतो, डोळ्यांत पाणी येतं. मी गिळते आणि दुसरा घेते. ताईचा श्वास सुटतो आणि मग ती जेवायला लागते.

ज्या दिवशी घास चांगला लागेल, त्या दिवशी तिच्यापुढचं ताट उचलायचं.